दादाचे मोजे

चि. सोनूस,


दादासाठी मोजे विणायला घेतलेस, हे वहिनीकडून कळलं. फोनवर पाठवलेला वेणीचा नमुना देखणा आहे. दादाच्या कामाचा नाही.

अंकुशनगरला थंडी आणि समर्थ कारखान्याचं गाळप बरोबरच येतं. त्यात शेतीची वीज पाळीनं रात्रीची. दादा उसाला दारं धरायला जाणार तो अनवाणी, फार तर गमबूट घालून. त्या चिखलात लोकरीचे मोजे घालील, ही आशा सोड. तुझे मोजे परतल्यावरचे. पाय धुतले, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, की मग ते चढवायचे.

शिवाय त्याला शुगर आहे. अशा पायांना बधिरपणा येऊ शकतो; आत गाठ टोचत राहिली तरी कळत नाही आणि जखम होते. म्हणून आत गाठ नको, शिवण नको, घोट्याला इलॅस्टिक तर मुळीच नको. दोन सुयांवर विणून शिवण्यापेक्षा दुटोकी सुयांवर गोल विण. सुरुवातीला कंटाळशील, पण शिवणीचा प्रश्नच मिटेल.

माप संध्याकाळी घे, त्याला उभं करून. दिवसभराच्या कामानं पाय थोडा फुगलेला असतो. पंजाचा घेर २४ सें.मी. भरला तर मोजा २१-२२ चा ठेव, विणकाम ताणतं. आधी चौकोनी तुकडा विणून बघ. १० सें.मी.त २४ टाके बसले, तर ५२ टाके घाल. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. टाच निम्म्या, म्हणजे २६ टाक्यांवर, आणि तिथे लोकरीबरोबर बारीक नायलॉनचा धागा घे. मोजा आधी टाचेशीच झिजतो.

धनगरांकडून लोकर आणायचं तुझ्या मनात आहे. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण राठ, पायाला बोचेल. मऊ लोकर घे, आणि दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. लोकर म्हणून अॅक्रिलिक सर्रास खपतं. धाग्याचं टोक चिमट्यात धरून जाळून बघ: केस जळाल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पिऊनही ओली लागत नाही. अॅक्रिलिकला ते जमत नाही.

एकाच लॉटची एक गुंडी जास्त घे. टाचेला रफू लागेलच.

तुझी,
आत्या