आधी थापटून बघ

अगं, रात्री साडेअकराला तुझा मेसेज बघितला. "ताई, कॉलेजातल्या सगळ्या पोरांची लॉगिनं एका जागी आणायची आहेत, ओपनएलडॅप माझ्या गळ्यात घातलंय, आणि त्या सेटिंगच्या फाइलीतलं मला अक्षर कळेना." खाली तीन रडकी तोंडं. आधी चहा टाक. आपल्या तेरच्या पोरीनं एका मजकुराच्या फाइलीला घाबरायचं म्हणजे कमाल झाली बाई!

खरं सांगू का, नावच मोठं आहे त्याचं. एलडॅप म्हणजे लाइटवेट डिरेक्टरी अ‍ॅक्सेस प्रोटोकॉल, आणि त्यातली डिरेक्टरी म्हणजे पत्त्यांची वही, बास. पोस्टकार्डावर आपण काय लिहितो? नाव, गल्ली, मु. पो. तेर, ता. जि. धाराशिव. लहानाकडून मोठ्याकडं जातो ना? एलडॅपमधला पत्ता अगदी तस्साच असतो: यूआयडी=सीमा, ओयू=विद्यार्थी, डीसी=कॉलेज, डीसी=इन. आधी माणूस, मग त्याची गल्ली, मग गाव, मग मुलूख. ह्या पूर्ण पत्त्याला डीएन म्हणतात. तुला पत्ता लिहिता येतो, म्हणजे डीएन येतो. १९९३ साली मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी एलडॅप काढलं, कारण आधीची एक्स-५०० नावाची पद्धत साध्या संगणकांना झेपत नव्हती. म्हणून नावातच 'लाइटवेट' आहे. तुला आत्ता जड वाटतंय ते वेगळं.

आता पहिली गोष्ट, आणि ही ऐकल्याशिवाय फाइलीला हात लावू नकोस. ओपनएलडॅपच्या सर्व्हरचं नाव स्लॅपडी, आणि त्याच्या सेटिंगच्या जागा दोन. एक जुनी, स्लॅपडी डॉट कॉन्फ नावाची साधी फाइल. दुसरी, स्लॅपडी डॉट डी नावाचा फोल्डर, ज्यात तीच सेटिंग सर्व्हर स्वतःच्या पद्धतीनं मांडून ठेवतो. ही दुसरी रीत २.३ आवृत्तीपासून आली. आणि गंमत बघ, वेगळं काही सांगितलं नाहीस तर सर्व्हर आधी फोल्डर शोधतो. तो सापडला की फाइलीकडं ढुंकूनही बघत नाही! उबुंटू किंवा डेबियनवर पॅकेज टाकलं की तो फोल्डर आपोआप तयार होतो. मी पहिल्या नोकरीत दोन दिवस कॉन्फ फाइल बदलत होते, सर्व्हर चालू-बंद करत होते, आणि ढिम्म फरक नाही. एका घरी पाहुण्यांसाठी पोहे करायचे आणि पाहुणे दुसऱ्याच घरी जेवून गेलेले, तशी गत. म्हणून आधी बघ तुझा सर्व्हर कुठं जेवतोय. डेबियनवर डीफॉल्टच्या फोल्डरात स्लॅपडी नावाची छोटी फाइल असते, तिच्यात स्लॅपडी-कॉन्फ ह्या नावापुढं कुठली जागा वापरायची ते लिहिता येतं.

फोल्डरातल्या फाइली मात्र हातानं बदलू नकोस. वर स्वच्छ लिहिलेलं असतं की ही आपोआप तयार झालेली फाइल आहे, हात लावू नका. तिथलं बदलायचं तर एलडॅप-मॉडिफाय ह्या आज्ञेनं. जाणती मंडळी म्हणतील कॉन्फ जुनी झाली, आता फोल्डरच वापर. खरं आहे त्यांचं. पण शिकताना मला विचारशील तर फाइलच बरी, कारण अख्खा संसार एका पानावर दिसतो. हात बसला की स्लॅपटेस्ट नावाच्या तपासनिसालाच फाइल आणि एक रिकामा फोल्डर दाखव, तो भाषांतर करून देतो.

आता फाइल उघड. सर्व्हर ती वरून खाली वाचतो. वरच्या भागात घरभर लागू होणारी सेटिंग, मग 'डेटाबेस एमडीबी' अशी ओळ आली की तिथून खाली त्या एका कोठाराची. सुरुवातीला इन्क्लूडच्या ओळी असतात, त्या स्कीमा आणतात, म्हणजे वहीत कुठले रकाने असतील ते. त्यांचा क्रम मोडू नकोस. कोअर आधी, मग कोसाइन, मग आयनेट-ऑर्ग-पर्सन. फोडणीत तेल तापायच्या आधी हिंग टाकल्यासारखं केलंस तर सर्व्हर उठायचाच नाही.

रिकाम्या जागेचं मात्र लक्षात ठेव, ह्याच्यापायी मी खूप रडले आहे. ओळीच्या सुरुवातीला स्पेस असेल तर सर्व्हर ती नवी ओळ धरत नाही, वरच्या ओळीचं शेपूट धरतो. हॅशनं सुरू होणारी ओळ म्हणजे आपल्यासाठीची टीप, ती तो सोडून देतो. आता दोन्ही एकत्र कर. मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'हॅश, मुख्य पासवर्ड खाली आहे', आणि खालची पासवर्डची ओळ दिसायला नीटनेटकी म्हणून दोन स्पेस आत सरकवली. झालं! पासवर्डही टिपेतच गेला. सर्व्हर गुमान उठला, आणि लॉगिन करायला गेले की त्रुटी ४९, 'इन्व्हॅलिड क्रेडेन्शियल्स'. मी आपली पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करतेय, कॅप्स लॉक बघतेय, कीबोर्ड बदलून आणलाय! संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी, ज्या अकाउंट्समध्ये होत्या आणि ज्यांना एलडॅपचा ल माहीत नव्हता, सहज विचारलं, "ही एकच ओळ आत का गं ढकललीस?" त्या दिवसापासून मी फाइलीत नटवणं सोडलं.

पुढं सफिक्स. हा तुझ्या मुलुखाचा पत्ता, म्हणजे डीसी=कॉलेज, डीसी=इन. हा नीट विचार करून ठरव, कारण तो बदलणं म्हणजे उस्मानाबादचं धाराशिव करणं. २०२३ साली आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, तरी दुकानांच्या पाट्यांवर, जुन्या दाखल्यांवर, आत्याच्या बोलण्यात अजून दोन्ही नावं नांदतात, आणि पोस्टमनही दोन्ही नावांची पत्रं पोचवतो. स्लॅपडी असा समजूतदार नाही. फाइलीत सफिक्स एक आणि वहीतल्या नोंदीत दुसरा, असं झालं की तो ५३ नंबरची त्रुटी देतो आणि म्हणतो, 'नो ग्लोबल सुपिरियर नॉलेज'. केवढं भारदस्त वाक्य! अर्थ इतकाच की हा पत्ता माझ्या हद्दीतला नाही. मग सगळी वही स्लॅपकॅटनं बाहेर काढायची, प्रत्येक पत्त्यातलं मुलुखाचं नाव बदलायचं आणि स्लॅपअ‍ॅडनं परत भरायची. आणि हे भरणं रूट म्हणून केलंस तर नव्या फाइलींची मालकी रूटकडं जाते, मग बिचाऱ्या स्लॅपडीला स्वतःचंच कोठार उघडता येत नाही. मालकी परत ओपनएलडॅप ह्या युजरच्या नावावर कर. मी हे तीन वेळा विसरले आहे. चौथ्यांदा विसरले तेव्हा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

रूट-डीएन म्हणजे घरातली थोरली बाई, तिला कुठलाच नियम लागू नाही. तिचा पासवर्ड रूट-पीडब्ल्यूच्या ओळीत असतो. तो उघडा लिहू नकोस गं! स्लॅपपासडब्ल्यूडी ही आज्ञा दे, ती पासवर्ड विचारते आणि महिरपी कंसात एसएसएचए असं लिहून पुढं अगम्य अक्षरांची माळ देते. ती माळ फाइलीत ठेव. आणि फाइल येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येणार नाही अशी परवानगी लाव.

आता हक्कांचं. इथं मी जरा थांबणार आहे, कारण तुझ्या वहीत पोरापोरींचे पासवर्ड असणार. 'अ‍ॅक्सेस टू' असं लिहून काय, आणि 'बाय' लिहून कोणाला, एवढीच रचना. फाइलीत एकही अ‍ॅक्सेसची ओळ नसेल तर वही कुणालाही वाचता येते, सगळीच्या सगळी. आणि एक जरी ओळ लिहिलीस तरी बाकीच्याला आपोआप कुलूप लागतं. म्हणजे एकतर चावडी नाहीतर तिजोरी, मधलं काही तो स्वतःहून करत नाही.

त्यात सर्व्हर वरून वाचत येतो आणि जो नियम आधी जुळला तोच धरतो. खालचे बघतच नाही. मी काय केलं होतं? वर लिहिलं, सगळं सगळ्यांना वाचू दे. त्याखाली लिहिलं, पासवर्ड मात्र कुणाला दाखवू नको. वाचताना किती शहाणपणाचं वाटतं ना? बोलताना आपण असंच बोलतो, "सगळ्यांना वाढ गं, पण खीर पाहुण्यांसाठी ठेव." पण हा वाढपी पहिलं वाक्य ऐकूनच पंगतीत शिरला. पासवर्डच्या माळा आठवडाभर कुणालाही दिसत होत्या. कुणी बघितल्या नाहीत असं मी स्वतःला सांगते.

तर खिरीचं आधी सांगायचं. यूजर-पासवर्ड ह्या रकान्यासाठी वेगळा नियम, आणि तो सगळ्यात वर. त्यात तीन 'बाय': सेल्फला राइट, म्हणजे ज्याचा त्याला बदलता येईल. अ‍ॅनॉनिमसला ऑथ. आणि बाकी सगळ्यांना नन. त्याखाली मग उरलेल्या वहीचा नियम. मधला 'अ‍ॅनॉनिमसला ऑथ' बघून तू दचकशील. अनोळखी माणसाला पासवर्डच्या रकान्याचा हक्क कशाला? अगं, लॉगिन होईपर्यंत प्रत्येकजण अनोळखीच असतो की. ऑथ म्हणजे वाचायचा हक्क नाही, फक्त 'मी देतोय तो बरोबर का' एवढं पडताळून घ्यायचा. तो काढलास तर एकाही पोराला लॉगिन करता येणार नाही आणि प्राचार्यांचा फोन तुलाच.

पासवर्ड जातायेता कुणी वाचू नये ह्याचीही सोय कर. पोर्ट ३८९ वर साधं बोलणं म्हणजे पोस्टकार्ड, पोस्टमनसकट सगळे वाचणार. टीएलएसच्या सर्टिफिकेटच्या आणि किल्लीच्या ओळी भर, मग समोरच्यानं टीएलएस मागितलं की ते पाकिटात जातं. किल्लीची फाइल स्लॅपडीला वाचता आली पाहिजे, एवढं बघ.

उरलं काय? मॅक्ससाइझ. एमडीबीचं कोठार तू सांगितलं नाहीस तर जेमतेम १० एमबीचं असतं, डाळीच्या डब्याएवढं. एक जीबी सांगून टाक, घाबरू नकोस. इंडेक्स यूआयडीवर लाव, नाहीतर प्रत्येक लॉगिनला सगळी वही चाळली जाईल. वही भरल्यानंतर नवा इंडेक्स लावलास तर सर्व्हर थांबवून स्लॅपइंडेक्स चालवायचं. ह्यात फार डोकं घालू नकोस, शेदोनशे पोरांच्या वहीला एवढं पुष्कळ.

आणि आता आपल्या गावचं. चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला आजी आपल्याला देवळाच्या ओट्यावर बसवून ती गोष्ट सांगायची, आठवते ना? संतमंडळी जमली होती, मुक्ताबाईनं विचारलं ह्यातली मडकी कच्ची किती नि पक्की किती, आणि काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटत नेलं. बाकीचे गप्प बसले, नामदेवांना राग आला, आणि मडकं कच्चं निघालं. तुझं थापटणं म्हणजे स्लॅपटेस्ट. फाइलीचं नाव दे आणि डॅश यू लाव, म्हणजे तो फक्त फाइल तपासेल, कोठाराला हात लावणार नाही. सगळं ठीक असेल तर म्हणतो, 'कॉन्फिग फाइल टेस्टिंग सक्सीडेड'. नसेल तर कितव्या ओळीत कच्चं आहे ते सांगतो. एक ओळ बदल, थापट. दुसरी बदल, थापट. दहा ओळी एकदम बदलून मग थापटलंस तर आव्यातली कुठली मडकी फुटली ते शोधत बसशील.

पण एक आहे. स्लॅपटेस्टला व्याकरण कळतं, मन कळत नाही. माझी ती टिपेत गेलेली पासवर्डची ओळ त्यानं 'सक्सीडेड' म्हणूनच सोडली होती. म्हणून त्यानंतर एलडॅप-हू-अ‍ॅम-आय चालवून बघ, म्हणजे सर्व्हर तुला कोण समजतोय ते कळेल. आणि स्लॅपएसीएल नावाचं एक गुणी हत्यार आहे, त्याला विचार की अमक्या पोराला तमक्या पोराचा पासवर्ड दिसतो का. उत्तर 'नाही' यायला हवं. रूट-डीएन होऊन तपासू नकोस, थोरलीला सगळंच दिसतं.

आज एवढंच कर. चालू आहे त्या सेटिंगची, फाइल असो की फोल्डर, एक प्रत वेगळ्या जागी ठेव, नावात तारीख घाल. मग तो डीफॉल्टमधला कागद उघडून बघ, सर्व्हर फाइल वाचतोय की फोल्डर. काय सापडलं ते मला आठनंतर फोन करून सांग. त्याआधी नको, कुकर लावलेला असतो आणि माझ्या शिट्ट्या चुकतात.