नाताळ कोणाच्या घरचा

चि. सायली हिस,


नाताळ म्हणजे येशू ख्रिस्ताच्या जन्माचा उत्सव. ही व्याख्या बरोबर आहे, पण तेवढ्या भांडवलावर शाळेचा कार्यक्रम बसवायला घेतला, तर लाल टोपी, कापसाची दाढी आणि पुठ्ठ्याचे झाड यांपलीकडे तो जात नाही. वर्गातल्या निरनिराळ्या घरांत हा सण कसा पाळला जातो, हे नव्या शिक्षिकेने आधी समजून घ्यावे. पंथ कळला की निम्मे कळते. उरलेले निम्मे त्या घरात त्या दिवशी कोण कोणते काम करतो आणि कोण घरी नसतो, यावरून कळते.

मूळ कथा थोडक्यात अशी. चार शुभवर्तमानांपैकी जन्माचा वृत्तान्त मत्तय आणि लूक या दोघांनीच दिला आहे. मार्क आणि योहान यांच्या लेखनात तो नाही. गव्हाणी, मेंढपाळ आणि देवदूत लूककडे आहेत. तारा आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष मत्तयकडे. ज्ञानी पुरुष तीन होते असे मत्तय कुठेच म्हणत नाही. भेटवस्तू तीन होत्या, म्हणून परंपरेने माणसेही तीन मानली. जन्माची तारीख दोघेही देत नाहीत. 25 डिसेंबरची सर्वांत जुनी ठळक नोंद रोममधल्या, 354 सालच्या एका पंचांगवजा संकलनात सापडते. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जुनी जूलियन कालगणना पाळते, त्यामुळे तिथला नाताळ आपल्या दिनदर्शिकेत 7 जानेवारीला येतो. आर्मेनियन चर्च 6 जानेवारीला जन्मोत्सव करते. म्हणजे तारखेबाबतही ख्रिस्ती जगात एकमत नाही. मग सणाच्या अर्थाबाबत ते असावे अशी अपेक्षा धरण्यात हशील नाही.

2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे एक टक्क्याच्याही आत; गोव्यात साधारण चौथा हिस्सा. संख्या थोडी असली तरी प्रकार पुष्कळ आहेत.

वसईपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तिथे नाताळ अस्सल मराठी गावगाड्यात मुरलेला आहे. 1534मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, ख्रिस्ती गावे राहिली. तिथल्या सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांत आपापली बोली बोलली जाते, बागायत केली जाते, भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात जातात आणि मिस्सा मराठीत होते. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, आणि 2020 साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. नाताळ हा 'त्यांचा', बाहेरचा सण आहे असे स्टाफरूममध्ये कोणी म्हणाले, तर वसईचे उदाहरण पुरेसे आहे. वाद वाढवण्याची गरज पडू नये.

कॅथलिक घरात नाताळ 25 तारखेला सुरू होत नाही. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. वेदीवर जांभळा रंग असतो, पापनिवेदन होते आणि मनाची तयारी अपेक्षित असते. धाकट्यांच्या दृष्टीने मात्र खरी तयारी गोठ्याची. तो करण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी मांडलेल्या देखाव्यापासून रूढ झाली. इथल्या गोठ्यासाठी दीड-दोन आठवडे आधी उथळ ताटलीत किंवा करवंटीत माती घालून नाचणी नाहीतर गहू पेरतात. पाणी जास्त झाले तर दाणे कुजतात, कमी पडले तर हिरवळ उंच होत नाही, म्हणून घरातले एखादे मूल रोज सकाळी ताटलीवर पाण्याचा हबका मारते. घटस्थापनेला धान पेरणाऱ्या घरातल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मारिया, योसेफ, बैल, गाढव, मेंढपाळ असे सगळे गोठ्यात आधीपासून असतात. गव्हाणी तेवढी रिकामी. बाळाची मूर्ती 24 तारखेच्या रात्रीच ठेवायची. शाळेच्या देखाव्यात पहिल्या दिवसापासून बाळ ठेवलेले असते, तेव्हा एखादे कॅथलिक मूल बाईंची चूक काढते. ते उद्धटपणाने बोलत नाही. ते बरोबर असते.

दुसरे मोठे काम फराळाचे. गोव्यात त्याला कुस्वार म्हणतात. त्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, दोस आणि कुलकुल असतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिक आणि वसईच्या घरांत यादी थोडी बदलते, पण कुलकुल सगळीकडे. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबून पसरायची आणि वळवत सोडवायची, की अंगावर रेघा उठलेली शिंपलीसारखी वळी तयार होते. मग ती तळायची. दाब कमी पडला तर रेघा उठत नाहीत, जास्त पडला तर पीठ कंगव्याच्या दातांत अडकते. एकट्या बाईने हे काम करायचे म्हटले तर पहाट होईल. म्हणून आजी, सुना, शेजारणी, शाळकरी मुले सगळी एका चटईवर बसतात आणि वर्षभराच्या गप्पा तिथे निघतात. आता कुलकुल पाकिटात मिळतात आणि बरेही असतात. तरी नाताळला पूर्वीची मजा राहिली नाही असे एखादी म्हातारी म्हणते, तेव्हा तिचा रोख बहुधा त्या चटईवरच्या बैठकीकडे असतो. तयार फराळाची ताटे मग शेजारी जातात, हिंदूंच्या घरीही. दिवाळीला त्या घरून आलेले ताट रिकामे परत करायचे नसते.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेले असते तिथे फराळ होत नाही, बाहेर चांदणीही लावत नाहीत. शेजारचे लोक ताट पाठवतात. अशा घरातल्या मुलाला वर्गात 'यंदा काय काय केलं?' असे सर्वांदेखत विचारणे टाळावे. पटावरच्या नावावरून धर्म कळतो, घरातले सुतक कळत नाही.

मध्यरात्रीची मिस्सा हा कॅथलिक नाताळचा गाभा. ध्वनिक्षेपकावरच्या रात्री दहाच्या मर्यादेमुळे मुंबईत अनेक चर्चांनी ती अलीकडे आणली आहे. तरुणांना त्याचे फारसे काही वाटत नाही. थंडीत शाल पांघरून, झोपाळलेल्या पोराला खांद्यावर टाकून चर्चच्या आवारात उभे राहिलेल्या पिढीला मात्र साडेआठची मध्यरात्र अजून पटत नाही, आणि तिची तक्रार रास्तच आहे.

अहमदनगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे वळले की चित्र पार बदलते. इथला प्रॉटेस्टंट समाज अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभा राहिला. मिशनचे नगरचे केंद्र 1831पासूनचे, आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842मध्ये इथेच निघाले. हे मिशनरी ज्या न्यू इंग्लंडमधून आले, तिथल्या जुन्या प्युरिटन लोकांना नाताळचे वावडे होते. बायबलमध्ये तारीख नाही, सणाच्या नावाखाली खाणेपिणे आणि धिंगाणा मात्र भरपूर, असा त्यांचा आक्षेप. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 ते 1681 या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. इंग्लंडच्या पार्लमेंटनेही 1647मध्ये हा सण बंद केला होता. नाताळावर ख्रिस्ती लोकांनीच बंदी घातली होती, हे सांगितल्यावर वर्गात हमखास हशा पिकतो आणि मग मुले कान देऊन ऐकतात.

या परंपरेतून आलेल्या नगरी नाताळात मूर्ती, धूप, गोठा यांना फारसे स्थान राहिले नाही. भर राहिला वचनावर आणि गाण्यावर. गाणे मात्र त्यांनी मराठी मातीतून घेतले, आणि त्याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती, आणि त्यांच्या पदांत अभंग-ओवीचे वळण स्वच्छ दिसते. 'उपासना संगीत' या मराठी स्तोत्रसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन घरोघर गात हिंडणारी मंडळी पाहिली, तर लांबून भजनी दिंडी वाटावी. शाळेच्या कार्यक्रमात एखादे इंग्रजी कॅरल बसवायचे असेल तर खुशाल बसवावे, पण त्याआधी टिळकांचे एक पद बसवावे. ते मुलांच्या तोंडी लवकर बसते.

याच टिळकांच्या घरात नाताळची दुसरी बाजूही दिसते. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900मध्ये, पतीनंतर पाच वर्षांनी. मधल्या काळातली ताटातूट त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवली आहे. धर्म बदलणाऱ्या पहिल्या पिढीला नवा सण मिळतो, पण जुन्या सणाला घरी येणारी माणसे दुरावतात. खेड्यापाड्यांतल्या ज्या दलित कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्यासाठी हा सण देवळाबाहेर उभे राहावे न लागण्याचा होता. कोरे कपडे घालून पुढच्या बाकावर बसण्याचा होता. तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या मुलांना यातले काही आठवत नाही, आठवण्याचे कारणही नाही. आजोबांना आठवते.

25 डिसेंबर ही तारीख महाराष्ट्रात आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. 1927 साली याच दिवशी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. आंबेडकरी घरात आणि स्त्रीमुक्ती चळवळीत काम करणाऱ्यांसाठी त्या दिवसाची पहिली ओळख ही आहे. शाळेच्या फळ्यावर दोन्ही गोष्टींना जागा पुरते.

पुण्या-मुंबईतल्या मलयाळी सिरियन ऑर्थोडॉक्स कुटुंबांकडे कार्यक्रम बसवणाऱ्याचे हमखास दुर्लक्ष होते. नाताळआधी पंचवीस दिवस त्यांच्याकडे उपवासाचे. काटेकोर पाळणारे मांस, मासे, अंडी आणि दूधही वर्ज्य करतात. जन्मोत्सवाच्या उपासनेत चर्चच्या आवारात क्रुसाच्या आकाराचा खड्डा करून जाळ पेटवतात आणि त्यात धूप टाकतात. अशा घरातले मूल 22 तारखेच्या पार्टीत केकला नाही म्हणाले, तर आग्रह करू नये. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक तर नाताळ अजिबात पाळत नाहीत. त्यांच्या मुलाला देवदूताचे पंख लावण्याआधी पालकांना विचारलेले बरे.

सणाच्या दिवशी कामावर असणाऱ्यांचा नाताळ आणखी निराळा. बेकरीवाल्याचा डिसेंबर भट्टीसमोर जातो. 24 तारखेच्या रात्री दुकान बंद झाले की त्याला आधी झोप हवी असते. परिचारिकेला कामाची पाळी असते. गोव्यातले अनेक पुरुष पिढ्यान्पिढ्या जहाजावर नोकरी करत आले आहेत, आणि प्रवासी जहाजांचा हा ऐन हंगाम. त्या घरात मिस्सेनंतर सगळे फोनभोवती जमतात. समुद्रात नेटवर्क मिळेल तेव्हा बोलणे, मग ते दुपारी दोनला का असेना. परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलांची गंमत अशी की इथे ज्या सणाची रोषणाई बघायला पुण्याच्या कॅम्पात गर्दी करायची, तो तिकडे दाराआड होतो. लंडनमध्ये 25 तारखेला भुयारी रेल्वे आणि बस बंद असतात, दुकानांना कुलपे असतात. आमंत्रण नसेल तर तो वर्षातला सर्वांत रिकामा दिवस ठरतो.

ख्रिस्ती नसलेल्या शहरी मराठी घरातला नाताळ म्हणजे प्लम केक, सुट्टी आणि थर्टीफर्स्टची नांदी. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. दिवाळीतला फटाका उडवणाऱ्या प्रत्येकाने लक्ष्मीपूजन केलेले असतेच असे नाही. मात्र बाजारातला सांता हाच नाताळ, असे मुलांना शिकवू नये. लाल कपड्यातला हा गृहस्थ संत निकोलसच्या आठवणीवरून एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत घडला आणि दुकानदारीने त्याला जगभर फिरवले. वांद्र्यात आणि गोव्यात वर्षअखेर पोरे 'ओल्ड मॅन'चा पेंढ्याचा पुतळा करून वर्गणी मागतात आणि 31 तारखेच्या रात्री तो जाळतात. शाळकरी पोरांना सांतापेक्षा हा म्हातारा जवळचा वाटतो, कारण त्याची वर्गणी त्यांच्याच खिशात जाते.

शाळेचा कार्यक्रम बसवताना पालकांपैकी दोघातिघांना बोलावून आपल्या घरची रीत सांगायला लावावी: एखादी वसईची किंवा गोव्याची आई, एखादे नगरकडचे आजोबा, शक्य झाल्यास एखादे मलयाळी कुटुंब. 25 तारखेच्या आदल्या दोन दिवसांत कोणाला बोलावू नये. घरी पीठ मळलेले असते आणि लोक नाही म्हणायला संकोचतात. 20 तारखेच्या आत उरकावे. शुभेच्छांचे तसे नाही. कॅथलिकांचा नाताळकाळ जानेवारीत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, आणि गोव्यात रेइश मागुश व चांदर येथे 6 जानेवारीला तीन राजांचे फेस्त भरते. त्यामुळे सुट्टीनंतर वर्गात दिलेल्या शुभेच्छा शिळ्या ठरत नाहीत.

आत्या