पडून राहणाऱ्या मोटारीचे तेल

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथून एकही मोठी नदी वाहत नाही. अशा शहरात यांत्रिक बोटीचे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाले. ४ तारखेच्या रात्री कोसळलेल्या पावसाने बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार मार्गालगतच्या अनेक वसाहती जलमय झाल्या व रहिवाशांना बोटींतून आणि ट्रॅक्टरांतून बाहेर काढावे लागले. बचावकार्यासाठी राखून ठेवलेल्या बोटींना बहुधा पेट्रोलवर चालणारी आउटबोर्ड मोटार बसवितात. ती वर्षातून मोजकेच तास चालते. परंतु ज्या दिवशी तिची गरज पडते, त्या दिवशी तिने दगा देऊन चालत नाही.

अशा मोटारीचे इंजिन ऑइल केव्हा बदलावे? फोर-स्ट्रोक मोटारींच्या बाबतीत उत्पादकांचा सर्वसाधारण नियम असा, की दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलावे. या नियमाचा पहिलाच भाग पुष्कळांच्या ध्यानात राहतो. वर्षाला १५ तास चालणाऱ्या मोटारीचे १०० तास भरण्यास जवळजवळ सात वर्षे लागतील. न वापरलेले तेल खराब कसे होईल, अशी शंका येथे येते. वास्तविक कमी वापर हेच तेल बिघडण्याचे एक कारण असते.

एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक धुराबरोबर निघून जाते; थोडी वाफ मात्र पिस्टनच्या कड्यांमधून खाली तेलापर्यंत पोहोचते. इंजिन पुरेसे तापले, तर ही वाफ पुन्हा बाहेर पडते. आउटबोर्ड मोटार तळ्याचेच पाणी ओढून थंड राखली जाते. ती पाच मिनिटे चालवून बंद केली, की वाफेचे पाणी होऊन ते तेलात मिसळते. न जळलेले पेट्रोलही त्यात उतरते. ज्वलनातून निर्माण झालेल्या वायूंशी या ओलाव्याचा संयोग होऊन आम्ले तयार होतात. त्यांना निष्प्रभ करणारी अल्कधर्मी द्रव्ये तेलात घातलेली असतात. पण ती हळूहळू संपतात. त्यानंतर मोटार उभी असतानाही बेअरिंगांची झीज चालूच राहते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की मोटार चालू होते की नाही, एवढेच पाहण्यासाठी ती दोन मिनिटे फिरविणे हितावह नाही. चालवायचीच तर पाण्यात, भार देऊन, अर्धा तास तरी चालवावी. कोरडी तर कधीच चालवू नये. पाणी ओढणाऱ्या पंपाचे रबरी चक्र त्यामुळे जळते. दुसरी गोष्ट अशी, की तेल बदलावयाचे ते मोटार दीर्घकाळ ठेवून देण्यापूर्वी. बंगळुरास सर्वांत अधिक पाऊस सप्टेंबरात पडतो व ऑक्टोबरातही तो बराच असतो. म्हणून नोव्हेंबरअखेर तेल बदलणे योग्य. ते मे महिन्यावर ढकलल्यास आम्लयुक्त तेल सहा महिने इंजिनात राहते.

तेल काढण्यापूर्वी मोटार गरम करावी, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. फिल्टरही बदलावा. नवे तेल भरल्यावर मोटार सरळ उभी ठेवून पट्टीवर पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पातळी वाढून पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल उतरले आहे, असे समजावे. अशा वेळी वर्षाची वाट पाहू नये. टू-स्ट्रोक मोटारीत तेल पेट्रोलबरोबर जळून जाते, त्यामुळे ते बदलण्याचा प्रश्न येत नाही. मात्र दोन्ही प्रकारांत पंख्याजवळच्या गिअरपेटीतील तेल निराळे असते व तेही वर्षातून एकदा बदलावे लागते.

काढलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. बंगळूरची पुष्कळशी तळी राजकालुवे नावाच्या नाल्यांनी एकमेकांस जोडलेली आहेत. त्यामुळे एका तळ्यात ओतलेले तेल त्याखालच्या तळ्यापर्यंतही वाहत जाऊ शकते.