क्लोजिंग लूपचे धागे सुटलेत?

प्रश्न : माझ्या मुख्य पॅराशूटच्या क्लोजिंग लूपचे दोन-तीन धागे सुटलेत. तुटेपर्यंत वापरला तर चालेल ना?
– एक स्कायडायव्हर

उत्तर : नाही, तुटायची वाट पाहू नका. विमानाच्या दारातच लूप तुटला, तर पॅराशूट अवेळी उघडून विमानाच्या शेपटीत अडकू शकतं. खर्चाला घाबरू नका, लूप अगदी स्वस्त असतो. साधारण दहावा हिस्सा झिजला, की बदलाच. सैल लूपही तितकाच घातक. त्यातून पॅराशूटची पिशवी बंद ठेवणारी पिन आपोआप निसटते. म्हणून नव्याची लांबी रिगरकडून (पॅराशूट तंत्रज्ञाकडून) तपासून घ्या. लूप वारंवार एकाच जागी झिजत असेल, तर ग्रोमेटच्या, म्हणजे लूप ज्यातून जातो त्या धातूच्या कड्याच्या, कडेवरून नख फिरवा. खरखर लागली तर दोष तिथेच. राखीव पॅराशूटच्या लूपला मात्र स्वतः हात लावू नका. ते प्रमाणित रिगरचंच काम.