विहिरीचे पाणी आणि खडकांचे थर

एकाच शिवारात एका विहिरीला चैत्रातही पाणी असते आणि शेजारची विहीर पौषातच तळ दाखविते, हा अनुभव शेतकरी बंधूंना नवा नाही. त्याला दैव म्हणण्यापूर्वी भूमीच्या पोटातील रचना समजून घेणे अगत्याचे आहे. विहिरीला पाणी लागले नाही, तरी तिच्यासाठी काढलेले कर्ज फेडावेच लागते.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या लांब भेगांतून लाव्हारस वाहू लागला. एक प्रवाह थिजला की त्यावर दुसरा पसरे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर होत.

प्रत्येक थर सर्वत्र सारखा नसतो. त्याचा मधला भाग सावकाश थिजून घट्ट झाला. हा काळा कातळ. त्यात भेगा असतील तेथेच पाणी शिरते. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत बहुधा पांढरी खनिजे भरली. यास विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. तो झिजून मुरूम झाला म्हणजे त्यात पाणी साठते. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या गेरूचा पट्टा आढळतो. त्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही.

यावरून असे दिसते की, विहिरीत येणारे पाणी मुख्यत्वे बाजूच्या मुरमातून व भेगांतून पाझरते. म्हणून अखंड कातळ लागल्यावर केवळ खोली वाढविल्यास साठवण वाढते, झरा वाढेलच असे नाही.

नवी विहीर घेण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात :

१. शेजारच्या विहिरींत मुरूम, मांजऱ्या व कातळ किती खोलीवर लागले आणि झरे कोठे आहेत, ते मोजून लिहून ठेवावे. तुलना करताना जमिनीचा चढउतार हिशेबात घ्यावा.

२. उघड्या कातळाचा माथा टाळून, मुरमाचा थर जाड असलेली सखल जागा पाहावी.

३. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

मुरमात मुरलेले पाणी बांधाची हद्द ओळखत नाही. यास्तव माथ्यावरील शेतांची बांधबंदिस्ती आणि उपशावरील संयम ही साऱ्या शिवाराची कामे आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील विहिरींची अशी नोंदवही तयार केल्यास पुढील अनेक कुटुंबांचा खर्च वाचेल.