किनुयो तानाका : अभिनेत्री ते दिग्दर्शिका

जपानी चित्रपट म्हटला की कुरोसावा, ओझू, मिझोगुची ही दिग्दर्शकांची नावे आपल्या ओठांवर येतात. परंतु त्या चित्रपटांतील स्त्रीचे दुःख जिच्या मुद्रेतून जगापुढे आले, त्या किनुयो तानाकाचे नाव फारसे कोणी घेत नाही. तिच्या कारकिर्दीचा हा अल्पसा परिचय.

तानाकाचा जन्म १९०९ साली शिमोनोसेकी येथे झाला. वडील लवकर वारले व कुटुंब ओसाकाला आले. तेथे ती बिवा हे तंतुवाद्य शिकली. १९२४ साली तिने शोचिकू कंपनीच्या मूकपटात प्रवेश केला. १९३१ साली जपानचा पहिला यशस्वी बोलपट निघाला, त्याची नायिका तीच होती. पुढे ती देशाची लाडकी अभिनेत्री झाली.

पण लोकप्रियता किती चंचल असते! १९४९ साली ती सदिच्छा दौऱ्यावर अमेरिकेस गेली. परत येताना तिने काळा चष्मा घातला होता व जमलेल्या गर्दीकडे हवेतून चुंबने फेकली. वृत्तपत्रांनी तिची यथेच्छ टवाळी केली. चाळिशीतील नटीचे दिवस संपले, असेच अनेकांना वाटले. त्यानंतर मिझोगुचीच्या १९५२ सालच्या ‘ओहारूचे जीवन’ या चित्रपटात तिने दरबारातून रस्त्यावर फेकल्या गेलेल्या स्त्रीची भूमिका केली. या चित्रपटाला व्हेनिस येथे पारितोषिक मिळाले.

आता तिने दिग्दर्शनाचा निश्चय केला. तिच्या आधी ताझुको साकाने हिने १९३६ साली एक कथापट दिग्दर्शित केला होता. पण तिला पुन्हा तशी संधी मिळाली नाही. तानाकाने प्रथम नारुसे यांच्या हाताखाली सहाय्यक म्हणून काम केले. १९५३ साली तिचा ‘कोइबुमी’ (प्रेमपत्र) हा पहिला चित्रपट आला. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी मात्र दिग्दर्शक संघाचे अध्यक्ष असलेल्या मिझोगुचीनेच विरोध केला. ज्याच्या चित्रपटांत तिने आपले सर्वोत्तम काम केले, त्यालाच ती कॅमेऱ्यामागे नको होती! ओझू मात्र तिच्या पाठीशी उभा राहिला. त्याच्या सहलेखनातील पटकथेवर तो चित्रपट १९५५ साली पुरा झाला. १९५४ नंतर तिने मिझोगुचीच्या चित्रपटात पुन्हा काम केले नाही.

त्याच वर्षी तिने कर्करोगाने मृत्यू पावलेली कवयित्री फुमिको नाकाजो हिच्या जीवनावर चित्रपट काढला. शस्त्रक्रियेत स्तन गमावलेली ही नायिका केवळ दयेचा विषय राहत नाही. ती आपले व्रण मैत्रिणीपासून लपवीत नाही, आणि मरणाच्या दारातही प्रेमाची इच्छा सोडीत नाही. सोसणारी स्त्री तानाकाने पडद्यावर अनेकदा रंगविली होती. येथे तिने इच्छा असणारी स्त्री उभी केली. माझ्या मते तिच्या दिग्दर्शनाचे खरे महत्त्व यातच आहे.

१९६२ पर्यंत तिने एकूण सहा चित्रपट दिग्दर्शित केले. लहानपणी बोर्निओतील वेश्यागृहात विकल्या गेलेल्या वृद्धेच्या भूमिकेबद्दल १९७५ साली तिला बर्लिन येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. १९७७ साली तिचे निधन झाले. स्त्रीला दिग्दर्शन जमेल काय, या शंकेला उत्तर म्हणून तिचे सहा चित्रपट पुरेसे आहेत.