धरमकाट्यावर चढलेली बोट

किनाऱ्यावरची काही माणसं आपल्याला काय समजतात, ते मला बोट विकत घेतल्यावर कळलं. धान लावणारे, बोडीत डुंबणारे, बावीस फुटांची बोट दिसली की हरखून जाणारे. "सर, तुमच्याकडे समुद्र नाही ना, म्हणून तुम्हाला या गोष्टी समजणार नाहीत," हे त्या विक्रेत्याने मला इतक्यांदा ऐकवलं, की समजलेल्या गोष्टी आता लिहूनच काढतो. त्याचं नाव लिहीत नाही. वकिलांनी हात जोडून नको म्हटलं आहे.

आमच्या सावली गावात बोट कशाला, हे सगळ्यांचं विचारून झालं आहे. गोसीखुर्द धरणाचं अडवलेलं पाणी हिवाळ्यातल्या सकाळी पाहिलेला माणूस ते विचारत नाही. मला ओढून नेता येणारी बोट हवी होती, कारण आमच्याकडे पाणी एका जागी थांबत नाही. आसोलामेंढा तलाव भरतो, मग नहर सुटते आणि पाणी बांध्यांमध्ये जातं. वैनगंगेला पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात रेती. तेव्हा जिथे पाणी तिथे बोट न्यायची, आणि आत चार माणसं रात्री आडवी होतील एवढी केबिन असावी. यात वेडेपणा काय आहे ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

वजन मी विचारलं होतं. एकदा नाही, दर वेळी. "ट्रेलरसकट नऊशे किलो, सर," हे व्हॉट्सॲपवर लेखी आहे आणि तो मोबाइल मी जपून ठेवला आहे. "नवीकोरी आहे, शोरूममध्ये उभी होती, अजून पाणी लागलेलं नाही," हेही त्याच्याच आवाजात आहे. पूर्ण रक्कम जाईपर्यंत मी 'सर' होतो. रक्कम गेली त्या संध्याकाळी 'भाऊ' झालो. तक्रार केल्यावर नुसत्या दोन निळ्या टिकल्या.

बोट नागपूरपर्यंत ट्रकवर आली. तिथून मी आणि माझा साळा बोलेरोला जोडून निघालो. उमरेड सुटल्यावर वेग साठच्या वर गेला की ट्रेलर शेपूट हलवायला लागायचा. आरशात बोट कधी डाव्या खिडकीतून दिसे, कधी उजव्या. भिवापूरला चहा घेतला, नट आवळले, उपयोग शून्य. तळोधीच्या पुढे जळका वास आला. डाव्या चाकाचं हब हात लावू देईना. रात्र झालेली, दोन्ही बाजूंना जंगल, आणि त्या पट्ट्यातल्या वाघांबद्दल इकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. साळा टॉर्च धरायला खाली उतरेना, त्याने काच अर्धी उघडून आतूनच टॉर्च दाखवला. चाक काढलं तर आतलं ग्रीस दुधाळ झालेलं आणि बेअरिंग तांबड्या गंजाने धरलेलं. पाणी न लागलेल्या ट्रेलरचं! मी तिथूनच फोन लावला. "रस्त्यात दव पडलं असेल, भाऊ," म्हणाला. दव!

या ठिकाणी पहिला सल्ला, कारण तो मी रोख पैसे मोजून घेतला आहे. ट्रेलरच्या बेअरिंगचा नंबर आधी विचारा आणि तो मूल किंवा गडचिरोलीच्या ट्रॅक्टर-सामानाच्या दुकानात मिळतो का ते फोन करून बघा. ट्रेलरची चाकं तुमच्या गाडीच्याच मापाची आणि तेवढ्याच नटांची घ्या, म्हणजे एक स्टेपनी दोन्हीकडे चालते. आमच्या ट्रेलरला स्टेपनीच नव्हती, आणि गाडीची त्याला बसेना. पाण्याशी पोचल्यावर लगेच ट्रेलर आत ढकलू नका. लांबून आलेलं हब तापलेलं असतं, ते गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि सील ढिलं असेल तर पाणी आत ओढलं जातं. अर्धा तास बसा, डबा खा, मग उतरवा.

त्या रात्री बोट कशीबशी गावात आणली आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या राइस मिलच्या धरमकाट्यावर चढवली. काट्यावरच्या पोराला वाटलं मी गंमत करतो आहे. गाडी सोडून नुसता ट्रेलर काट्यावर ठेवला. पोराने आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, आत धान भरून हाय का?" म्हणाला. पावतीवर १,६४० किलो. नऊशेचे सोळाशे चाळीस! मग ट्रेलरचं पुढचं तोंड, जे गाडीच्या गोळ्यावर बसतं, ते धानाची पोती मोजायच्या छोट्या काट्यावर टेकवलं. ३१ किलो. ट्रेलर शेपूट का हलवत होता ते तिथे उलगडलं. एकूण वजनाचे निदान पाच ते सात टक्के त्या तोंडावर यावे लागतात, म्हणजे आमच्या हिशेबात ८० ते ११५ किलो. तेवढं आलं नाही की मागचा भार गाडीला हलवतो. त्यासाठी बोट ट्रेलरवर पुढे सरकवता आली पाहिजे, किंवा ट्रेलरचा आस मागेपुढे करता आला पाहिजे. आमचा आस वेल्डिंग करून कायमचा बसवलेला होता.

पण वाढीव वजन आलं कुठून? मोटर, बॅटऱ्या, नांगर, शंभर लिटरच्या टाकीतलं पेट्रोल सगळं कागदावर मांडलं, तरी हिशेब लागेना. मिलच्या मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने तळ ठोकायला सुरुवात केली. पुढे टणटण आवाज, मध्ये टणटण, आणि मागच्या तिसऱ्या हिश्शात एकदम भद. त्याने बोटीचं नाक जॅकवर उचललं आणि मागच्या फळीच्या बुडाशी बारीक ड्रिल मारलं. पिवळट पाण्याची धार लागली. कुजक्या लाकडाचा वास येत होता. मी बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट.

सावलीत, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, माझ्या नवीकोऱ्या बोटीच्या पोटातून खारं पाणी गळत होतं. तळ आणि वरची फळी यांच्यामध्ये तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. त्यात किती वर्षांचं पाणी मुरलं होतं ते त्या विक्रेत्यालाच ठाऊक. रात्रभर आम्ही बादल्या बदलत होतो. अमेरिकेत मॅकग्रेगर नावाची सव्वीस फुटी शिडाची बोट खूप चालली, तिच्या पोटात मुद्दाम पाणी भरतात म्हणजे ती स्थिर राहते, आणि रस्त्यावर काढताना ते सोडून देतात म्हणजे साधी गाडीही ओढते. मला ती सोय न मागता मिळाली होती, फक्त पाणी सोडून द्यायचं बूच बसवलेलं नव्हतं.

म्हणून फायबरची बोट घेताना हातोडीचा दांडा सोबत न्या आणि विक्रेत्याच्या तोंडाकडे न बघता तळ इंच इंच ठोका. मोटर जिथे टांगतात त्या मागच्या जाड फळीत आत प्लायवूड असतं. मोटरचा पाय धरून वरखाली जोर द्या. फळी जरा जरी हलली तर परत फिरा. खालचा एखादा स्क्रू काढून बघा, त्याच्याबरोबर ओला भुसा आला की प्लाय कुजला. विक्रेता स्क्रू काढू देत नसेल तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

वजन स्वतः काट्यावर करा, टाक्या भरून. बोट विकणारे जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा रिकाम्या सांगाड्याचा असतो, त्यात मोटर नसते, पेट्रोल नसतं, पाण्याचं पिंप नसतं, ट्रेलर तर नसतोच. माझ्या माणसाने तर ट्रेलरसकट म्हणून लिहून दिलं होतं, त्यामुळे त्याला ती पळवाटही नाही. एवढं वजन मागे असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. गाडीने वेग कमी केला की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात, असा जोड मिळतो. रुंदीचं म्हणाल तर आपल्या नियमात रस्त्यावर २.६ मीटरच्या पुढे जाता येत नाही. ऑस्ट्रेलियात अडीच मीटर आहे, अमेरिकेत साडेआठ फूट, म्हणजे सगळीकडे साधारण तेवढंच. लांबी लोकांना मोहात पाडते, पण ओढायच्या बोटीचा खरा आकार रुंदी आणि वजन ठरवतात. ट्रेलरचंही आरटीओकडे पासिंग लागतं, आणि बोटीसाठी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यातली नोंदणी वेगळी. तलाव पाटबंधाऱ्याचा असेल तर त्यांची परवानगी, मासेमारी संस्थेचा ठेका असेल तर त्यांच्याशी बोलणं, हे ओघाने आलंच.

बेअरिंगं बदलून, भोक बुजवून आम्ही आसोलामेंढ्यावर गेलो. तिथे एक म्हातारे धीवर जाळं सुकवत बसले होते. त्यांनी बोटीभोवती एक चक्कर मारली, काही बोलले नाहीत, डोंग्यातला बांबू आणला आणि काठालगत पाण्यात दाबला. बांबू त्यांच्या कोपरापर्यंत गाळात गेला.

"कोठं टाकता जी हिला?"

"इथेच. ट्रेलर मागे घेऊन."

"इथं टायर जाईन, अन् टायरच राहीन."

त्यांचं बरोबर होतं. तलावाचा काठ थाळीसारखा पसरट. समुद्राच्या लाटा कापायला केलेला खोल, टोकदार तळ तरंगायला जास्त पाणी मागतो, आणि तेवढं पाणी मिळेपर्यंत ट्रेलर गाळात पार आत न्यावा लागतो. बोलेरोच्या हातचं ते काम नव्हतं, ट्रॅक्टर लावावा लागला. तळ्या-नद्यांसाठी सपाट किंवा अगदी उथळ कोनाचा तळ बघा. ट्रेलरवर गुळगुळीत फळ्यांपेक्षा रोलर घ्या, म्हणजे अर्ध्या पाण्यातही बोट ढकलून उतरवता आणि विंचने ओढून चढवता येते. ट्रेलरचं तोंड पुढे लांब करता येणारी जोडनळी मिळत असेल तर ती घ्या, गाडीची चाकं कोरड्यात राहतात. विक्रेत्याला मी काठाचे फोटो पाठवले होते, बोट घेण्याच्या आधी. "एकदम ओके, सर," असं उत्तर आलं होतं.

गोसीखुर्दच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांची खोडं आणि भिंती पाण्याखाली आहेत, तेव्हा मोटर आपटल्यावर आपोआप वर उचलली जाणारी असावी. इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, पंख्यात गुंततो तसाच मोटरच्या पाणी ओढायच्या जाळीतही बसतो. मोटर चालू असताना मागून थंड करण्याच्या पाण्याची बारीक धार पडत राहते, तिच्याकडे एक डोळा ठेवा. ती थांबली की मोटर लगेच बंद.

केबिनचं खूळ मला होतं आणि अजून आहे. पण चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांना जातो, आणि समोरासमोर खिडक्या नसलेली फायबरची केबिन म्हणजे भट्टी. आमच्या केबिनला खिडक्या होत्या, उघडत नव्हत्या. चारी बाजूंनी मच्छरदाणी सोडता येणारं ताडपत्रीचं छत आपल्याकडे जास्त कामाचं. शिवाय उंच केबिन बोटीला डोकेजड करते. एका बाजूला सगळे उभे राहिल्यावर ती किती कलते हे घेण्याआधी पाण्यात, चार माणसं चढवून पाहा. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या बाया गेल्या. नदी रोजच्या ओळखीची होती. लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलं असावं, बाकाखाली ठेवलेलं नाही.

बाकी नेहमीचंच: पूर्ण पैसे आधी देऊ नका, बिल घ्या, फोटोंवर जाऊ नका, जाणत्या माणसाला सोबत न्या. हे सगळं मला नंतर सांगणारे पुष्कळ भेटले. सोबत यायला त्यातला एकही मोकळा नव्हता.

एक मात्र वकिलांकडून कळलं ते सांगतो. बिल मिलच्या किंवा दुकानाच्या नावावर घेऊ नका. धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हटली की ग्राहक आयोगात समोरचा पहिला आक्षेप तोच घेतो. माझं बिल माझ्या नावाचं आहे, बोट घरच्यांसाठी आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. दोन वर्षांच्या आत करायची. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. काट्याची पावती, बेअरिंगचे फोटो, व्हॉट्सॲपचे संदेश, मिस्त्रीचा जबाब, आणि एका बाटलीत ते पाणी, सगळं मी फायलीला लावलं आहे. बाटली लावता येत नाही असं वकील म्हणतात, तरी ठेवली आहे.

नोटीस चंद्रपूरहून गेली. ती पोचली असावी त्या दुपारी त्याचा फोन आला. नाही उचलला, तर मागोमाग संदेश: "नमस्कार सर, काही गैरसमज झालाय का?"